एकशे ऐंशी ग्रॅम

“लोक गळती शोधायला यंत्रं घेऊन फिरतात. मला यंत्र लागत नाही, ताई. हे नाक बघितलंस? फ्रिजमधला गॅस बावीस नंबरचा असू दे, नाहीतर एकशे चौतीसचा. डोळ्यांवर पट्टी बांध आणि विचार. नुसत्या वासावर सांगतो!”

एवढं बोलून गारेगारने बेकरीतल्या काचेच्या फ्रिजमागे मुंडी घातली, डोळे मिटले आणि असा काही श्वास ओढला की शेजारच्या टेबलावरची पिठीसाखर वीतभर त्याच्याकडे सरकली.

“आला! इथेच, या कोपऱ्यात. एकशे चौतीसच. गोडसर, हलका, थोडासा उग्र. शंभर टक्के गॅस.”

“व्हॅनिला आहे तो,” पलीकडून आयसिंगच्या काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात इसेन्सची उघडी बाटली होती. “जरा पाय उचला बघू. झाकण तुमच्या चपलेखाली आहे.”

भट्टीपाशी उभ्या असलेल्या भावोजींनी फ्रिजबरोबर आलेलं माहितीपुस्तक शोधून काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे वाचलं, “या गॅसला रंग नसतो, आणि वास जवळजवळ नसतो.” मग पुस्तक मिटून म्हणाले, “जवळजवळ म्हणजे, तुझ्या नाकापुरता ठेवला असेल त्यांनी.”

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. ताई हसली नाही. ताईला हसायला वेळ नव्हता.

गारेगारचं खरं नाव काय, हे आठवायला त्याच्या बायकोलाही क्षणभर लागायचं. पंचवीस वर्षं गावातले फ्रिज आणि एसी दुरुस्त करून करून त्याचं नावच थंड पडलं होतं. इस्पितळातला औषधांचा फ्रिज त्याच्या हातचा, मटणवाल्याची शीतपेटी त्याच्या हातची, फुलवालीची काचेची खोलीही त्याचीच. फक्त एका ठिकाणी त्याच्या पान्याला प्रवेश नव्हता, आणि ते म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीची बेकरी. अकरा वर्षांपूर्वी त्याने ताईचा मोठा मिक्सर दुरुस्त करून दिला होता. मिक्सर चालू झाला यात वाद नाही. तो बंद मात्र होईना. दुपारभर फिरत राहिला, टेबलावरून चालत दारापर्यंत गेला, शेवटी भावोजींनी भिंतीतली वायर कापली. त्या दिवसापासून ताई कंपनीच्या माणसाला बोलावते. आणि गावातली माणसं भलती चौकस. “काय हो गारेगार, बहिणीकडे कंपनीचा माणूस का येतो?” असं दर महिन्याला कोणीतरी विचारायचंच.

आज कंपनीचा माणूस दुसऱ्या गावी अडकला होता. फ्रिज सकाळीच बंद पडला. आणि आत उभा होता वाचनालयाच्या शंभराव्या वाढदिवसाचा केक: पांढऱ्या क्रीमचा, दोन मजली, वर साखरेचं उघडं पुस्तक. वाचनालयाच्या बाई पाच वाजता न्यायला येणार होत्या. छोट्या फ्रिजात तो मावेना, आणि भट्टीच्या उबेत क्रीम तग धरेना.

“हे बघ छोट्या,” ताई म्हणाली. छोट्या त्रेपन्न वर्षांचा होता आणि त्याला टक्कल होतं, पण ताईच्या लेखी ते तात्पुरतं होतं. “समोर नवीन दुकान घेतलंय, त्यात मोठी थंड खोली करायचीय. तू करतोस का कंपनीवाला, ते अजून ठरलेलं नाही. पाचच्या आत हा फ्रिज चालू झाला आणि केक उभा राहिला, तर ती खोली तुझी. नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही.”

“केक उभा राहील, ताई. शब्द आहे माझा.”

“तुझा शब्द नको. ग्रॅममध्ये बोल. इथे सगळं ग्रॅममध्ये चालतं.”

नाकाने दगा दिला तरी गारेगारकडे दुसरा उपाय होता, साबणाच्या फेसाचा. नळीच्या सांध्यावर फेस लावायचा. जिथे बुडबुडा फुगेल तिथे गळती. त्याने टेबलावरचं फेसाचं स्टीलचं भांडं उचललं, ब्रश घेतला आणि मागच्या सगळ्या तांब्याच्या नळ्यांना भिंत रंगवावी तसा फेस फासला. मग टॉर्च मारून बघितलं.

“ताई, सगळीकडून गळतोय गं! एक सांधा शाबूत नाही. बुडबुडेच बुडबुडे!”

“माझं भांडं कुठे गेलं?” काकू विचारत होत्या. “अंड्याचा पांढरा बलक फेटून ठेवला होता. वीस मिनिटं फेटत होते मी.”

भावोजींनी सिंककडे बोट केलं. साबणाच्या फेसाचं भांडं तिथे होतं, अगदी तसंच, स्टीलचं. त्याला कोणीही हात लावलेला नव्हता.

पुसापुशी झाली. मग खऱ्या फेसाने खरी गळती सापडली. तळाच्या नळीला, कॉम्प्रेसरच्या जवळ, सुईच्या टोकाएवढं भोक. गॅस केव्हाच निघून गेला होता. तरी गारेगारने खिडक्या सताड उघडल्या, सगळ्यांना पुढच्या दुकानात हाकललं, कारण हा गॅस स्वतः पेटत नसला तरी ज्वाळेवर त्याचं विष होतं, आणि यात तो कधीच हयगय करत नसे. नळी रिकामी आहे याची खात्री करून त्याने त्या भोकावर ज्वाळेने धातू वितळवून पक्का डाग दिला. काम उत्तम झालं. फक्त पुसायचं राहून गेलेलं थोडं अंडं नळीवर होतं, ते ज्वाळेने छान सोनेरी झालं.

भावोजी परत आत आले. वाकून निरखून पाहून म्हणाले, “भाजलंय मात्र एकसारखं. वरून जरा जास्त झालं, पण शिकशील हळूहळू.”

अर्धा तास पंप लावून नळीतली हवा आणि ओल काढून टाकायची होती. तेवढ्या वेळात गप्प बसणं गारेगारला जमणारं नव्हतं. त्याने निळं सिलिंडर मांडीशी घेतलं, नातवाला घ्यावं तसं.

“भावोजी, याच्यात जादू काय आहे माहितीये? पाणी उकळतं शंभरला. हा उकळतो शून्याच्या खाली सव्वीसला! उकळायला उष्णता लागते की नाही? मग ती तो आणतो कुठून? तुमच्या केकमधून. केकमधली उष्णता उचलायची, मागच्या जाळीवर नेऊन टाकायची, पुन्हा आत यायचं. दिवसभर हमाली.”

“मागच्या जाळीवर म्हणजे कुठे?”

“इथे. तुम्ही उभे आहात तिथे.”

“म्हणजे आठ वर्षं केकचा ताप माझ्या पाठीवर ओततोय हा,” भावोजी म्हणाले. “आणि मी बिचाऱ्या भट्टीला दोष देत होतो.”

“गाडीच्या एसीत हाच. कीबोर्डवरची धूळ उडवायच्या फवाऱ्यात हाच. दम्याच्या पंपातसुद्धा औषध बाहेर ढकलायला कधीकधी हाच असतो.”

भावोजींनी खिशातून आपला दम्याचा पंप काढला. पिठाच्या धंद्यात त्यांना तो लागायचाच. बारीक अक्षरं वाचून त्यांनी पंप परत खिशात ठेवला. “सकाळ-संध्याकाळ दोन-दोन झुरके फ्रिज ओढतोय मी. तरीच माझं डोकं थंड असतं. तुझ्या बहिणीला पण दे थोडा.”

“ऐकू येतंय मला,” ताई आतून म्हणाली. “दोन वाजले. बोलणं कमी करा आणि गॅस भरा.”

आता खरं काम. फ्रिजच्या पाटीवर लिहिलं होतं: एकशे ऐंशी ग्रॅम. कमी भरला तर थंड होणार नाही, जास्त भरला तरीही होणार नाही. गारेगारने आपला वजनकाटा पिशवीतून काढला, तर सेल संपलेला. पण बेकरीत काट्याला काय तोटा? त्याने टेबलावरच्या मोठ्या काट्यावर सिलिंडर ठेवलं, बटण दाबून आकडा शून्य केला, नळी जोडली आणि झडप थोडी उघडली. गॅस जाईल तसा आकडा उणे होत जाणार. उणे एकशे ऐंशी झाला की बंद.

“बघ ताई, ग्रॅममध्ये! तुझ्या काट्यावर, तुझ्या डोळ्यांदेखत.”

ताई पहिल्यांदाच जरा बरं हसली.

उणे एकशे तीसला गारेगार झडप बंद करून सांध्याला हात लावून बघायला मागे गेला. मिनिटभराने परत आला तर काट्यावर शून्य.

“हं,” तो म्हणाला. “काटा अडकला होता वाटतं. म्हणजे गॅस गेलाच नाही अजून.”

पुन्हा सुरू. उणे एकशे चाळीसला ताईने हाक मारली, “छोट्या, पुढचं शटर वर करून दे रे, अडकलंय!” शटर वर केलं, परत आला. काट्यावर शून्य.

गारेगारच्या कपाळावर घाम आला. दाबाचं गेज सांगत होतं की आत भरपूर गॅस आहे. काटा सांगत होता की ग्रॅमभरही गेलेला नाही. आता कोणाचं ऐकायचं? एरवी त्याने डोळे झाकून गेजचं ऐकलं असतं. पण ताईचा गेजवर विश्वास नव्हता, ग्रॅमवर होता. आणि हा ताईचा काटा होता. “गेज जुनं झालंय,” त्याने स्वतःलाच समजावलं आणि झडप पुन्हा उघडली. उणे एकशे दहाला तोंडावर पाणी मारून आला. शून्य.

चौथ्या वेळी तो जागचा हलला नाही. काट्यासमोर स्टूल घेऊन बसला, पापणी लववली नाही, आणि उणे एकशे ऐंशी होताच टपकन झडप बंद केली.

“झालं!” त्याने फ्रिज चालू केला.

कॉम्प्रेसर असा कण्हला, जसं काही पोटभर जेवलेल्या माणसाला कोणी पाच मजले चढायला सांगितलंय. खालची नळी पांढऱ्या बर्फाने माखली. जाळी इतकी तापली की भावोजी उडी मारून भट्टीकडे गेले, तिथे गारवा होता म्हणून. दोन मिनिटांत खटकन आवाज आला आणि फ्रिज आपोआप बंद पडला. आतला आकडा सोळावरून अठरावर गेला. काचेआड केकच्या पांढऱ्या क्रीमला बारीक घाम फुटला. साखरेचं पुस्तक मिटायच्या बेतात आलं.

घड्याळात पावणेचार.

“काय झालं?” ताई दारात उभी होती. आवाज अगदी हळू होता. ताईचा आवाज हळू झाला की लहानपणी गारेगार पलंगाखाली जात असे. इथे पलंग नव्हता.

“अगं, जास्त झालाय गॅस. पण कसा होईल? मी मोजून...”

तेवढ्यात भावोजी मैद्याचं घमेलं घेऊन काट्याजवळून गेले. काट्यावर अजून उणे एकशे ऐंशी होतं. भावोजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाता जाता, डासाला टिचकी मारावी तसं, एका बोटाने बटण दाबलं. शून्य.

“भावोजी!”

“काय?”

“आत्ता काय केलंत तुम्ही?”

“कुठे काय केलं?”

“काटा! तुम्ही काटा शून्य केलात!”

“मग? आकडा होता त्याच्यावर,” भावोजी म्हणाले. “काट्यावर आकडा ठेवून जायचं नसतं. पुढचा माणूस वजन करायला येतो, त्याचं पीठ चुकतं. बत्तीस वर्षं जाता-येता शून्य करतोय मी.”

“याच्या आधीही केला होतात?”

“एकदा. शटरच्या वेळी.”

 ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं, आणि हे गारेगारने बरोबर टिपलं.

“ताई? तू पण?”

“एकदाच रे. तू मागे होतास तेव्हा. हात आपोआप जातो.”

तिघांनी वळून काकूंकडे पाहिलं. काकूंनी हातातली आयसिंगची पिशवी खाली ठेवली आणि शाळेत करतात तसा हात वर केला.

गारेगारने सिलिंडर नवीन फोडलं होतं, त्यामुळे भरलेलं वजन त्याच्या लेबलवर होतं. पुन्हा वजन केलं. ताईने कागदही घेतला नाही, तोंडीच हिशेब केला. “पाचशे साठ ग्रॅम गेलाय. म्हणजे एका फ्रिजात तीन फ्रिजांचा गॅस. तीनशे ऐंशी बाहेर काढ.”

“सोडून दे ना खिडकीतून,” काकू म्हणाल्या.

“नाही नाही, काकू. हा हवेत गेला की वर्षानुवर्षं तिथेच राहतो आणि पृथ्वी तापवतो.”

“केक गार करायला पृथ्वी गरम,” भावोजी म्हणाले. “छान सोय आहे.”

“तो परत सिलिंडरमध्ये घ्यायचा. रिकामं सिलिंडर आहे माझ्याकडे. फक्त ते गार हवं. हा गॅस थंड जागा दिसली की तिकडे धावतो. इकडे ऊब, तिकडे थंडी, की हा निघाला! बर्फ आहे का?”

बर्फ नव्हता. छोट्या फ्रिजात मावतील तेवढ्या गोठवलेल्या स्ट्रॉबेऱ्या होत्या, नऊ किलो. गारेगारने मोठ्या परातीत सिलिंडर उभं केलं, त्याच्या गळ्यापर्यंत स्ट्रॉबेऱ्या रचल्या, आणि सगळी परात काट्यावर ठेवून आकडा शून्य केला. काकूंनी चॉकलेटला चकाकी आणायचा केस वाळवायचा ड्रायर आणला आणि दुसऱ्या टोकाची नळी शेकायला बसल्या. ताई लाटणं घेऊन काट्यासमोर उभी राहिली.

“जो बटणाला हात लावेल त्याची बोटं मी मोजणार नाही,” ती म्हणाली. थोड्या वेळाने तिचा स्वतःचाच उजवा हात बटणाकडे निघाला. तिने तो डाव्या हाताने धरून मागे नेला, आणि लाटणं काखेत घेतलं.

आकडा चढू लागला. साठ. एकशे वीस. दोनशे. दोनशे चाळीस. गारेगारचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात आकडा दोनशे वीसवर आला. मग दोनशे. मग एकशे नव्वद.

“परत चाललाय!” गारेगार ओरडला. “ताई, गॅस परत फ्रिजात चाललाय! असं होऊच शकत नाही. पंचवीस वर्षांत नाही बघितलं असं! काकू, ड्रायर वाढवा!”

“फुल आहे!”

“मग हा जातोय कुठे?”

त्याने भावोजींकडे बघितलं. भावोजी परातीच्या पलीकडे उभे होते आणि त्यांनी तोंड घट्ट मिटलं होतं. ओठांच्या कोपऱ्यातून लाल रस हनुवटीवर उतरत होता.

“अहो!” ताई किंचाळली.

“बटणाला हात लावायचा नाही म्हणालीस,” भावोजी कसंबसं गिळून म्हणाले. “स्ट्रॉबेरीचं कोणी काही बोललं नाही.”

शेवटी परात गेली बाजूला. सिलिंडर फडक्याने कोरडं केलं आणि एकट्याचंच वजन केलं. रिकाम्याचं वजन त्याच्यावर कोरलेलं होतंच. तीनशे पाच. पुन्हा स्ट्रॉबेऱ्यांत. भावोजींना पुढच्या दुकानात बसवलं. तीनशे पन्नास. तीनशे सत्तर. तीनशे ऐंशी!

चार वीसला गारेगारने फ्रिजचं बटण दाबलं. कॉम्प्रेसर आता कण्हला नाही. झोपलेल्या मांजरासारखा गुरगुरू लागला.  आकडा सतरा. पंधरा. बारा. काकू काचेला नाक लावून बसल्या होत्या आणि केकची नाडी पाहावी तसं सांगत होत्या, “घाम थांबला... क्रीम बसतंय... पुस्तक उघडंच आहे...” नऊ. सहा. पाच वाजायला दहा मिनिटं असताना आकडा चारवर येऊन थांबला आणि हलेना.

ताईने फ्रिजच्या काचेवर तळहात ठेवला, बराच वेळ. मग तोच गारेगारच्या टकलावर ठेवला. हात गार होता. 

बरोबर पाच वाजता वाचनालयाच्या बाई आल्या. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यातला एक मटणवाला, दर महिन्याला तोच प्रश्न विचारणारा. ताई केक कधी दुसऱ्याला उचलू देत नाही. तिने स्वतः दार उघडलं, दोन्ही हातांनी केक बाहेर काढला आणि काउंटरकडे वळली. पांढराशुभ्र, ताठ, एकही ओघळ नाही.

“अगं बाई, किती सुरेख!” वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. “मला वाटलं या उकाड्यात...”

“आमचा फ्रिज माझा भाऊ बघतो,” ताई म्हणाली. मटणवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “समोरची थंड खोलीही तोच करणार आहे.”

गारेगारने एकदा मटणवाल्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे. मग तो धावत पुढे गेला आणि त्याने ताईला कडकडून मिठी मारली.

केक तेव्हा दोघांच्या मध्ये होता.